प्रश्नही ऐकू येऊ द्या

महोदय,

२०२०च्या टाळेबंदीपासून परिसंवाद, व्याख्यानं घरबसल्या ऐकायची सवय लागली. नुसतं ऐकायचंच असेल तर ऑनलाइन बरं. वक्त्याला गाठून शंका विचारायची, चार ओळखी करून घ्यायच्या, तर मात्र जायलाच हवं. घरी आजारी माणूस असलेल्यांना किंवा जिने चढता न येणाऱ्यांना ही निवडच नसते. त्यांच्यासाठी ऑनलाइन हेच सभागृह. पण तिथे प्रश्नोत्तरं सुरू झाली, की श्रोत्याच्या हाती माइक जात नाही आणि आम्हाला फक्त उत्तरं ऐकू येतात! (कधी तीही तुटक.) सूत्रसंचालकाने प्रश्न माइकवर पुन्हा वाचावा. शिवाय रेकॉर्डिंग मिळणार की नाही, हे निमंत्रणातच छापावं; यायचं की नाही, हे बरेच जण त्यावरूनच ठरवतात.

– एक श्रोता