आरोपपत्रातून सुटलेले गुन्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांवरील चर्चा बहुतेक वेळा कोणत्या राष्ट्रप्रमुखाविरुद्ध अटक वॉरंट निघाले आणि तो हाती लागेल का, याभोवतीच फिरते. आरोपपत्रात काय लिहिले गेले आणि काय लिहायचे राहिले, याकडे फारसे कोणी पाहत नाही. युद्धातील लैंगिक अत्याचारांच्या बाबतीत तर न्याय नेमका इथेच अडतो, म्हणून हे पत्र.

नाझी नेत्यांवरील खटल्यांसाठी केलेल्या १९४५ च्या न्यूरेंबर्ग सनदेत मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांची जी यादी होती, तीत बलात्काराचा उल्लेखच नव्हता. रवांडातील हत्याकांडासाठी टांझानियातील अरुशा येथे नेमलेल्या न्यायाधिकरणापुढे १९९७ मध्ये ताबा कम्यूनचा (स्थानिक प्रशासकीय विभागाचा) प्रमुख ज्यां-पॉल अकायेसू याचा खटला उभा राहिला, तेव्हाही त्याच्या आरोपपत्रात हा गुन्हा नव्हता. हल्ल्याची हकिकत सांगता सांगता एका साक्षीदार स्त्रीने आपणहून सांगितले की, तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर तिघांनी बलात्कार केला. पुढे आणखी एकीने ज्वारीच्या शेतात स्वतःवर झालेला अत्याचार सांगितला. पीठावर नवनेतम पिल्ले या एकट्याच स्त्री न्यायाधीश होत्या. पीठाने हा धागा सोडला नाही, महिला संघटनांनीही पाठपुरावा केला आणि जून १९९७ मध्ये आरोपपत्रात दुरुस्ती झाली. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालाने अकायेसूला वंशसंहाराबद्दल दोषी ठरवले आणि बलात्कार हेही वंशसंहाराचे कृत्य ठरू शकते, असे आंतरराष्ट्रीय न्यायपीठाने प्रथमच म्हटले. त्या दोन स्त्रिया गप्प राहिल्या असत्या, तर या निकालाचा सर्वांत मोलाचा भाग लिहिलाच गेला नसता.

त्याच वर्षी संमत झालेल्या रोम संविधीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापन करणाऱ्या करारात, बलात्कार, लैंगिक गुलामगिरी आणि सक्तीचे गर्भारपण हे गुन्हे स्पष्ट नमूद झाले. तरीही हेग येथील या न्यायालयाच्या पहिल्याच खटल्यात जुनी चूक पुन्हा घडली. काँगोतील एका सशस्त्र दलाचा म्होरक्या थॉमस लुबांगा याच्यावर फक्त मुलांना सैन्यात भरती करून लढायला लावल्याचा आरोप ठेवला गेला. त्याच्या दलातील मुलींनी काय भोगले, हे साक्षींत वारंवार आले, पण आरोपच नसल्याने २०१२ च्या निकालात त्याबद्दल शिक्षा झाली नाही. एवढेच नव्हे, तर लैंगिक अत्याचारांच्या हानीची भरपाई लुबांगावर लादता येणार नाही, असे अपील पीठाने २०१५ मध्ये ठरवले. त्याच दलातील बॉस्को न्तागांडा याला मात्र २०१९ मध्ये बलात्कार आणि लैंगिक गुलामगिरीबद्दलही दोषी ठरवण्यात आले, कारण त्याच्या आरोपपत्रात हे गुन्हे होते.

दल तेच, प्रदेश तोच, तरी एका खटल्यात या मुली कायद्याच्या लेखी लैंगिक अत्याचाराच्या पीडित ठरल्या आणि दुसऱ्यात नाहीत. या न्यायालयाच्या अभियोक्ता (सरकारी वकील) कार्यालयाने २०१४ मध्ये या गुन्ह्यांविषयी स्वतंत्र धोरण जाहीर केले, हे स्वागतार्हच आहे. पण ते प्रत्यक्षात उतरायचे तर पहिला जबाब घेतानाच विश्वासू दुभाष्याच्या मदतीने, साक्षीदाराची ओळख उघड न होऊ देता हे प्रश्न विचारायला हवेत. युक्रेन आणि सुदानमधील दारफूर येथील तपासांवर लक्ष ठेवणाऱ्या वार्ताहरांनी कोणाविरुद्ध वॉरंट निघाले एवढेच न पाहता, त्यात कोणकोणते आरोप आहेत हेही वाचकांना सांगावे, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक