वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या बेलीफकाकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

दुसरा चेकही वटला. जुन्या भाड्याच्या घराच्या डिपॉझिटचे आमचे ७५ हजार पूर्ण परत आले. फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही "बरं झालं" म्हणून विषय बदललात, म्हणून आता चार लोकांसमोर लिहिते आहे.

घर सोडताना मालकांनी चावी घेतली आणि म्हणाले, "सोमवारी या, हिशेब करू." सोमवारी त्यांच्या दाराला कुलूप, फोन बंद. मुलाकडे गेले एवढंच शेजाऱ्यांना ठाऊक. कुठल्या गावी, ते कुणालाच नाही. जुनं डिपॉझिट हातात आलं की त्यातूनच नव्या घराचं भरायचं, हे भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आईच्या बांगड्या गहाण पडल्या. चौकीत म्हणाले, मामला दिवाणी आहे. नातेवाईक म्हणाले, सोडून दे.

तुम्ही नाही म्हणालात. कोर्ट न्यायमंदिराच्या जुन्या इमारतीत होतं तेव्हापासून तुम्ही बेलीफ म्हणून कोर्टाची समन्स घरोघर पोचवत या शहरातल्या गल्लीबोळांतून फिरलात. दडलेली माणसं तुम्हाला नवी नव्हती. "माणूस पळेल, घर कुठे पळणार? आणि तुमच्या खोल्यांत नवा भाडेकरू आलाय, तो भाडं कुणाला तरी देतोयच ना?"

मी लगेच तिकडे नंबर मागायला निघाले होते. तुम्ही अडवलंत. त्या बिचाऱ्याचा यात काय संबंध, त्याला मधे ओढायचं नाही, म्हणालात. काका, पैशांइतकीच ही गोष्ट मला मोलाची वाटते. मी चिडलेली होते आणि त्या चिडीत एका परक्या माणसाला त्रास झाला असता.

त्या संध्याकाळी तुम्ही झोपाळ्यावर कागद मांडलेत: भाडेकरार, मालकांच्या आधारची झेरॉक्स, घरपट्टीची पावती, डिपॉझिटची नोंद असलेलं बँकेचं स्टेटमेंट. मालकांचा पत्ता प्रत्येक कागदावर वेगळा! नोटीस सगळ्या पत्त्यांवर गेली आणि पाकिटं परत येऊ लागली. पहिलं पाकीट मी फोडणार, तेवढ्यात तुम्ही हात धरलात. "फोडू नकोस. कोर्टात बंद पाकीटच दाखवायचं. आतलं तर आपल्याला माहीतच आहे, वर पोस्टमनने काय लिहिलंय ते कामाचं." निळ्या शाईत तिरपं लिहिलं होतं, 'घर बंद'. ते पाकीट तुम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून फाईलला लावलंत.

वकिलाची फी कुठून आणायची हा घोर होता. बाईमाणसाला, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने वकील मोफत मिळतो, हे मला तुमच्याकडून कळलं. करार माझ्या नावावर होता, म्हणून अर्जही माझ्याच नावाने झाला. इतके शिकलेले लोक आमच्या ओळखीत आहेत, पण हे एकानेही सांगितलं नव्हतं. पैसे वसुलीच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत असते, ती 'येतील परत, थांबू' म्हणता म्हणता संपते, हेही तुम्हीच बजावलंत.

दावा दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात लागला. समन्स मालकांच्या बंद दारावर चिकटलं, पुढे वर्तमानपत्रात जाहीर समन्स द्यायचा अर्ज तयार होत होता, तोच मालकांचे मेहुणे आमच्या दारात उभे! दारावरचा कागद शेजाऱ्यांनी त्यांना कळवला होता. हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा पैसे देण्याचा निकाल, झाला तर भाडेकरूकडून येणारं भाडंही कोर्ट जप्त करू शकतं, हे त्यांच्या वकिलाने त्यांना समजावलं असावं. लोकअदालतीत तडजोड झाली, दोन चेक ठरले. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही. चेक परत आला असता तर सरळ दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावता आली असती. तुम्ही हे आधी सांगून ठेवलं नसतं, तर दुसऱ्या चेकची तारीख येईपर्यंत मला झोप लागली नसती.

तुम्ही रिक्षाचं भाडंसुद्धा घेतलं नाहीत. तुमच्या गुडघ्यांना जिने चढवत नाहीत, तरी माझ्याबरोबर कोर्टात आलात, बाकावर बसून राहिलात. बांगड्या सोडवल्या. रविवारी तुम्ही आणि काकू जेवायला या. आई पुरणपोळी करणार आहे, आणि ती नाही ऐकून घेणार नाही.

तुमची,
कारेलीबागेतली भाडेकरू