पेटी पलंगाखाली आहे

वडोदरा,
रविवार, रात्र

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही म्हणून लिहितेय. आई, बाबांना वाचून दाखवताना मधल्या ओळी गाळू नकोस. तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

दर रविवारी बाबा विचारतात, "पेटी वाजवलीस ना?" आणि मी "हो" म्हणते. जूनपासून ते खोटं आहे. दांडिया बाजारातल्या मराठी प्रार्थनासभेला मी जात नाही. पेटी जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली सरकवलीय. आम्ही आता फत्तेगंजकडच्या नव्या मंडळीत जातो. ड्रम, दोन गिटार, शब्द पडद्यावर. हो बाबा, तीच मंडळी. गेल्या नाताळात "ही उपासना की वरात?" म्हणून तुम्ही बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसला होतात ना, तीच.

कारण सोनू. मराठी सभेत आम्ही अकरा जण, साठीच्या आतली मी एकटी. पोरगं दारात बसून मोबाइल बघायचं, मग यायचंच बंद झालं. इथे स्वतःहून उठतो, अंघोळ करून माझ्याआधी तयार असतो, ड्रमवाल्या दादाच्या काठ्या सांभाळतो. शिवाय घरापासून जवळ, पावसापाण्याचं बरं पडतं, गाडी लावायला जागा... बघा, कारणं वाढतच चाललीत. खरं एक राहिलंच. मलाही तिथे आवडायला लागलंय.

ऑगस्टमध्ये एका गाण्याला मी रडले. चारच ओळी, त्याच दहा मिनिटं. घरी येऊन मेथी निवडताना आठवून पाहिलं तर शब्द आठवेनात, नुसता ठोका डोक्यात. तेव्हापासून घोर लागलाय, मी रडले ती प्रभूपुढे की ढोलापुढे? नवरात्रात खालच्या मैदानात गरब्याचा ढोल सुरू झाला की माझे पाय तसेच हलतात, आणि तेव्हा काही मी प्रार्थनेत नसते. बाबा, संडे स्कूलमध्ये ऑगस्टीनचं तुम्हीच सांगितलं होतंत. मिलानच्या देवळातली स्तोत्रं ऐकून रडलेला माणूस, पण शब्दांपेक्षा सूरच जास्त भिडला की त्याला ते पाप वाटायचं. तेव्हा आम्ही पोरं खिदळलो होतो. सोळाशे वर्षांपूर्वीच्या बिशपची काळजी माझ्या मेथीच्या जुडीपर्यंत येईल असं कुठे वाटलं होतं!

आणि तिथे काय नाही तेही सांगते. शेजारणीचा आवाज ऐकू येत नाही. स्पीकर एवढा मोठा की मी गाते की नुसते ओठ हलवते ते माझं मलाच कळत नाही. गाणारा मुलगा त्याच्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो, आम्ही बायकांनी एकतर किंचाळायचं नाहीतर पुटपुटायचं. तुम्ही मात्र सूर द्यायच्या आधी बायकांच्या बाकांकडे एकदा बघायचात आणि पट्टी उतरवायचात. हे कधी कुणाला सांगितलं नाहीत, पण मी शेजारीच बसलेली असायचे. तुम्ही ओळ म्हणायची, मग मंडळीनं, आणि मोठ्या मावशी कायम अर्धी मात्रा मागे. मला त्या बेसूर आवाजांची आठवण येते. लहानपणी पेटीला गाल टेकून झोपायचे तेव्हा सूर कानांत नाही, दातांत लागायचे.

तबल्यावरून मोठे बाबा तीन रविवार घरी बसले होते, ते मी इथे काढत नाही. आकाशवाणीनं 1940 साली पेटीवर बंदी घातली होती, ती गोष्ट मात्र तुम्ही किती तावातावानं सांगता! परकं वाद्य म्हणे. असो. ड्रमची बाजू घ्यायला हे लिहिलं नाही. आई भाकरी थापताना म्हणते तो रेव्हरंड टिळकांचा अभंग मला अजून आख्खा येतो. पडद्यावरचं गाणं पडदा विझला की जातं. तरीही सोनूची दहावी होईपर्यंत तिथेच जायचं ठरवलंय. रागावू नका. रागावलात तरी नाताळला या.

खालचे दोन्ही बर्थ काढलेत. बाबा, कुणी "काका, जरा वर जाल का" म्हणालं तर उठायचं नाही. यंदा खोलीशेजारच्या बाथरूममध्ये कमोड आहे, गीझर आहे, गुडघ्यांना त्रास नाही. ज्वारीचं पीठ मी दळून ठेवते; आई, पाच किलोचं ओझं आणलंस तर मी बोलणार नाही तुझ्याशी. प्रेशरची गोळी "बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. तुम्हाला मराठी सभेला मी घेऊन जाईन आणि शेजारी बसेन. नातवाला बघायला एखाद्या रविवारी तिकडे यावंसं वाटलंच तर मागच्या रांगेत बसू. ड्रम सुरू झाले की कानाचं यंत्र खुशाल बंद करा.

पेटी काल बाहेर काढली. मंद्रातला पंचम बसलाय, भात्याची एक घडी फाटलीय. सुरसागरजवळच्या दुरुस्तीवाल्यानं मंगळवार सांगितलाय, कुठला ते सांगितलं नाही. धूळ पुसताना सोनूनं विचारलं, "आजीचं ते भाकरीचं गाणं किती मात्रांचं?" मी आठ म्हटलं. त्यानं डब्यावर चमच्यानं वाजवून पाहिलं, फार जलद, आणि परत मोबाइलकडे वळला.

बाबा, चालींची निळी वही आणाल का? औषधांच्या पिशवीत ठेवू नका, आईचं गुडघ्याचं तेल सांडतं त्यात.

तुमची,
बेबी