बँडचं नाव छापलंत, वादकांचं काय?

संपादक महोदय,

आपल्या मनोरंजन पानावर नुकताच दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या बँडवर मजकूर वाचला. तीन कॉलमी फोटो होता, बँडचं नाव चार वेळा आलं होतं, 'रसिक मंत्रमुग्ध'ही होते. फक्त तबल्यावर कोण आणि गिटारवर कोण, हे कुठेच नव्हतं.

मी शहाद्यात तबला शिकवतो. परवा एका विद्यार्थ्याने मोबाइलवर याच बँडचं 'मा रेवा' आणि पाठोपाठ 'तंदानु' लावलं आणि म्हणाला, ''सर, तबला तेच वाजवतायत ना?'' मोबाइलवर दोन्हीकडे बँडचंच नाव. पोराचा काय दोष? 'मा रेवा' ज्यात आहे, त्या 'कंदिसा' अल्बमची कॅसेट मी काढली. टेपरेकॉर्डर केव्हाच भंगारात गेला. कॅसेट ठेवलीय ती आतल्या घडीच्या कागदासाठी. त्यावर नावं आहेत: गिटार सुष्मित सेन, तबला आणि गाणं असीम चक्रवर्ती, बेस गिटार राहुल राम, ड्रम्स अमित किलम.

'कंदिसा' २००० सालचा अल्बम, 'तंदानु' २०१४ चा. मधल्या काळात असीम गेले, २५ डिसेंबर २००९ ला. ते तबला वाजवता वाजवताच गात. ठेका हातात आणि सूर गळ्यात, दोन्ही एकाच श्वासावर तोलायचं. आमच्याकडे वर्षानुवर्षं शिकलेल्यांचीही इथे तारांबळ उडते. त्यांच्या जागी दोन माणसं लागली. तबल्याला तुहीन चक्रवर्ती आणि गायला हिमांशु जोशी. २०१३ मध्ये सुष्मित सेनही बाहेर पडले आणि गिटार निखिल रावकडे आली. म्हणजे चारातले दोन उरले. आणि २०१० चा '१६/३३० खजूर रोड' ऐकाल तर त्यात असीमच गाताना भेटतात, कारण त्यांचा आवाज आधीच रेकॉर्ड झालेला होता. (हे नाव म्हणजे दिल्लीच्या करोलबागेतल्या बँडच्या तालमीच्या घराचा पत्ता. गाणी महिन्याला एक अशी इंटरनेटवर फुकट दिली होती.) हे नुसत्या बँडच्या नावावरून कसं कळणार?

'खरा बँड असीमबरोबरच संपला' असं म्हणणारे मला भेटतात. मला ते पटत नाही. दिंडीतला मृदंगी बदलतो म्हणून कुणी दिंडी संपली म्हणत नाही. पण नवा मृदंगी कोण, हे मात्र सगळ्या दिंडीला ठाऊक असतं.

'मा रेवा' आमच्या जवळचं. रेवा म्हणजे नर्मदा; ती आमच्याच जिल्ह्याच्या उत्तर कडेने वाहते, आणि राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते. हे गाणं त्याच खोऱ्यातलं. त्या मजकुरात हेही नव्हतं.

एखाद्या सत्काराच्या फोटोखाली आपण 'डावीकडून' म्हणून पंधरा नावं छापता, मागे उभ्या असलेल्या चिटणिसांसकट. इथे तर पाचच माणसं होती.

आपला,
एक तबलाशिक्षक, शहादा (जि. नंदुरबार)