चिनी वैद्यक वाचायचं, तर अक्षरं कोणती?

प्रिय मित्रा,

'शांगहान लुन' आणि 'ह्वांगदी नेइचिंग' हे चिनी वैद्यकातले जुने ग्रंथ मुळातून वाचायचे असतील, तर पारंपरिक अक्षरांपासूनच सुरुवात कर. चीनमधली आजची पाठ्यपुस्तकं आणि औषधकोश एवढंच हवं असेल, तर १९५६ पासून लागू झालेली सोपी अक्षरं पुरतात.

'आधी सोपं, मग अवघड' हा हिशेब इथे उलटा पडतो. सोपं करताना नुसत्या रेघा कमी केल्या नाहीत, काही ठिकाणी दोन अक्षरं एकात कोंबली. 'फा' घे. पारंपरिकात केसांचा 'फा' वेगळा आणि घाम आणवण्यातला वेगळा. सोप्यात दोन्हींना एकच अक्षर. पोटातली गाठ आणि आजाराचं लक्षण यांचंही तेच झालंय. आल्याच्या पारंपरिक अक्षराच्या डोक्यावर गवताचं चिन्ह असतं, म्हणजे वनस्पती आहे हे बघताक्षणी कळतं. सोप्यात तिथे च्यांग आडनावाचं अक्षर बसवलंय: वर मेंढी, खाली बाई! पारंपरिकावरून सोप्याकडे येताना फारसं अडत नाही. उलट जाताना दर वेळी संदर्भ बघावा लागतो.

मशीनही इथेच फसतं. 'पारंपरिक' म्हणून मिळालेली फाइल सोप्यातून आपोआप बदललेली असू शकते. त्यात अंगठा-तर्जनीमधला 'हकू' हा ॲक्युपंक्चरचा बिंदू शोध. 'कू' म्हणजे दरी, अक्षर सात रेघांचं. त्याजागी धान्याचं भरगच्च अक्षर दिसलं, तर ती फाइल बाजूला ठेव.

२१४ मूलचिन्हं (ज्यांवरून अक्षरांचं वर्गीकरण करतात ते घटक) घोकत बसू नकोस. गवत, पाणी, आजार, मांस एवढी आधी ओळख. मांसाचं चिन्ह यकृत, फुप्फुस, प्लीहा यांच्या अक्षरांत डावीकडे चंद्रासारखं दिसतं, तिथे घोटाळा होतो. मग एकच काढा घे, 'क्वेइचि थांग': दालचिनीच्या फांद्या ३ ल्यांग (वजनाचं जुनं चिनी माप), शाओयाओ (पिओनीचं मूळ) ३, भाजलेलं ज्येष्ठमध २, ओलं आलं ३, चिनी बोरं १२. ल्यांग, आलं, बोर आणि शाओयाओमधला 'याओ' ही चारही अक्षरं दोन्ही लिप्यांत वेगळी आहेत, त्यामुळे इथेच दोन्ही रूपं शेजारीशेजारी लिहून ठेव. मात्रेचं मात्र जपून: प्राचीन हान राजवटीतला ल्यांग साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास, शेवटच्या छिंग राजवटीतला सदतीसच्या.

हाताने सगळं लिहायची गरज नाही. पण रेघांचा क्रम शीक, नाहीतर प्लेको या चिनी शब्दकोशाच्या ॲपमध्ये बोटाने लिहून शब्द शोधताना भलतंच अक्षर पुढे येऊ शकतं. आणि त्यात पारंपरिक रूप आधी दिसेल अशी सेटिंग आजच करून टाक.

तुझा मित्र