स्प्रे रंगावरील चुकीच्या स्टिकरमुळे झालेल्या नुकसानीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

12 जानेवारीला मी तुमच्याकडून दोन स्प्रे कॅन मागवले, एक काळपट राखाडी आणि एक गंजाचा तपकिरी. दोन्हींचे मिळून 1,180 रुपये भरले. कॅनवर ठळक अक्षरांत होते, ‘वॉटर बेस्ड ॲक्रिलिक, थर्माकोलवर चालतो’. ती ओळ वाचूनच मी तुमचा रंग निवडला.

घरी मी तीन वर्षांपासून नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) रेल्वेच्या घाटाचे मॉडेल 1:87 प्रमाणात उभे करतो आहे. खऱ्या लाइनचा गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, 762 मिमी, म्हणून माझ्या रुळांमधले अंतर 9 मिमी. ब्रॉडगेज (रुंद रुळांची) करण्यासाठी ही लाइन 2015 मध्ये बंद झाली. बाबा तिच्यावर गार्ड होते. सौंसरच्या पुढचा घाट आता त्यांच्या आठवणीतच आहे, आणि कटिंगमधला (रुळांसाठी डोंगर कापून केलेल्या वाटेतला) काळा खडक त्यांना शेजारी बसवून, विचारून विचारून मी थर्माकोलमध्ये कोरला होता. एवढ्या कामालाच पाच महिने गेले.

राखाडी रंग मारला आणि अर्ध्या मिनिटात खडकातून चरचर आवाज यायला लागला. पृष्ठभाग आत ओढला गेला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके पडली. पुसायला गेलो तर कोरलेला भागच कापडाला चिकटून आला. तपकिरी रंग रुळांच्या बाजूंना लावला होता. रुळाचा माथा मी लगेच पुसला (खऱ्या रुळाचा माथाही चाकांनी घासून चकाकतो, आणि मॉडेलच्या इंजिनाला वीजही रुळाच्या माथ्यावरूनच मिळते), त्यामुळे तो वाचला. पण प्लॅस्टिकचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) मऊ पडून वाकले, लाकडाच्या रेषा विरघळल्या. जवळजवळ दीड मीटर ट्रॅक गिट्टीसकट उखडावा लागला.

नंतर कॅन हातात घेऊन पाहिला. स्टिकरचा कोपरा सुटला होता. खाली मूळ छपाई होती: ज्वालेचे चिन्ह, आणि घटकांत टोल्युइन व ॲसिटोन. हे दोन्ही थर्माकोल विरघळवतात, हे रंग विकणाऱ्याला माहीत असायलाच हवे. मग त्यावर दुसरे स्टिकर कोणी आणि का लावले, याचे उत्तर मला हवे आहे. मी बंद खोलीत, मास्कशिवाय फवारत होतो, कारण लेबलवर ‘वॉटर बेस्ड’, म्हणजे पाण्यातला रंग, असे लिहिले होते. शेजारी 78 वर्षांचे बाबा बसले होते.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले की उघडलेला कॅन परत घेत नाही. रंग उघडल्याशिवाय कळणार कसा?

दोन्ही कॅनचे पैसे आणि खराब झालेल्या ट्रॅकचे 2,600 रुपये 15 दिवसांत परत करा. या बॅचचे उरलेले कॅन विक्रीतून काढा आणि ज्यांनी ते घेतले त्यांना आजच कळवा. तसे झाले नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. बिल, सुटलेले स्टिकर आणि कटिंगचे आधीचे व नंतरचे फोटो सोबत जोडले आहेत. दोन्ही कॅन मी जपून ठेवले आहेत.

आपला ग्राहक,
नागपूर