तक्रार पत्र : बसमधली बेशिस्त आणि ती थांबवणाऱ्या वाहकालाच मिळालेला मेमो

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
शहर बस वाहतूक कंपनी

विषय : प्रवाशांची बेशिस्त, राखीव जागांची अडवणूक, तसेच नियम सांगणाऱ्या वाहकाला दिलेला मेमो मागे घेण्याबाबत.

महोदय,

मी आपली मासिक पासधारक प्रवासी आहे. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते औद्योगिक वसाहत हा माझा रोजचा जाण्यायेण्याचा प्रवास आपल्याच बसनं होतो. गाडी चालवता येत नाही आणि रोजची रिक्षा परवडत नाही, त्यामुळे बस हीच सोय. ती आहे म्हणून माझी नोकरी टिकून आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे.

"तक्रार सहप्रवाशांची, मग पत्र कंपनीला कशाला?" असं घरच्यांनी विचारलं. बस आपली आहे, तिच्यातले नियम आपले आहेत आणि ते पाळून घ्यायला आपण वाहक नेमले आहेत. त्यातल्या एकानं आपलं काम केलं तर आपण त्यालाच शिक्षा केलीत. म्हणून हे पत्र आपल्याला.

आधी जागा धरण्याविषयी. आपल्या पहिल्या थांब्यावर बस वळण घेऊन आत येते तेव्हा ती पुरती थांबलेलीही नसते. लोक तिच्या बाजूनं पळत सुटतात आणि खिडक्यांतून हाताला येईल ते आत टाकतात. रुमाल, डबा, पाण्याची बाटली, कुणी हेल्मेट, कुणी घडी घातलेला पेपर. मग सावकाश दारानं चढतात. दारापाशी जे आधीपासून उभे असतात ते आत जाऊन बघतात तर सगळी बाकं 'धरलेली'. चाकाजवळून धावणाऱ्या त्या गर्दीत एखाद्याचा पाय घसरला तर काय होईल, याचा विचार कुणी केला आहे का? समोरच वाहतूक नियंत्रकांची केबिन आहे. त्यांना हे सगळं दिसतं.

गेल्या पावसाळ्यात माझ्यापुढे एक आजी चढल्या. हातात मेथीच्या जुड्यांची पिशवी होती, गुडघे दुखत असावेत, कारण प्रत्येक पायरीवर त्या दोन्ही पाय टेकवत होत्या. पुढच्या बाकावर खिडकीच्या वर लाल अक्षरांत 'ज्येष्ठ नागरिकांसाठी' असं लिहिलेलं आहे. त्या बाकावर निळ्या चौकड्यांचा एक ओलसर रुमाल पडलेला. आजींनी तो उचलला, नीट घडी घातली, मांडीवर ठेवला आणि बसल्या. मालक आला की परत द्यावा, एवढाच त्यांचा हिशेब. थोड्या वेळानं एक पंचविशीतला मुलगा आला. त्यानं विचारायच्या आत आजींनी रुमाल पुढे केला, "तुझाच का रे बाळा? घे." त्यानं रुमाल घेतला आणि म्हणाला, "मग उठा." आजी उठल्या. मी त्याला वरची लाल अक्षरं दाखवली. तो म्हणाला, "आधी मी रुमाल टाकलाय." आजूबाजूचे चार-पाच जण गप्प राहिले. वाहक अजून खाली होते. मी मागे जागा मिळते का बघेपर्यंत बस भरलीही होती. मंडईपर्यंत आजी एका हातानं दांडा आणि दुसऱ्या हातानं पिशवी धरून उभ्या होत्या.

त्या मुलाचा मला राग आला, अजूनही येतो. पण त्याला हा आपला हक्क वाटतो, कारण आपल्या बसमध्ये कुणीच कधी सांगितलेलं नाही की अशानं जागा धरता येत नाही. गाडीत तसा फलक नाही, थांब्यावर नाही, उद्‌घोषणाही नाही. मुंबईत बसथांब्यावर लोक रांगेत उभे राहतात आणि नव्यानं तिथं आलेला माणूससुद्धा आठवड्याभरात ते शिकतो. माणसं तीच असतात. आपल्या पहिल्या थांब्यावर दोन लोखंडी कठडे लावले, बस पूर्ण थांबल्याशिवाय दार उघडलं नाही आणि खिडकीतून आलेली वस्तू वाहकानं उचलून बाजूला ठेवली, तर महिन्याभरात ही सवय मोडेल याची मला खात्री आहे.

बायकांच्या राखीव जागांचं दुखणं वेगळं आहे. डाव्या बाजूच्या बाकांवर पुरुष बसलेले असतात. विचारलं तर "बाई आली की उठतो" हे उत्तर ठरलेलं. बाई समोर उभी असते, तरी ती तोंडानं मागेपर्यंत तिला आलेली धरत नाहीत. मग दरवेळी अनोळखी माणसाला "उठा" म्हणायचं, त्याचं ते सावकाश उठणं सोसायचं, वर "आजकाल बायकांनाच सगळं पाहिजे" हे ऐकून घ्यायचं. रात्री नऊच्या बसमध्ये ते मागायची हिंमत प्रत्येकीला होत नाही. कॉलेजच्या मुली तर विचारतच नाहीत, दांड्याला धरून उभ्या राहतात आणि गर्दीचा नको तो फायदा घेणारेही त्यांच्याच मागे येऊन उभे राहतात. राखीव जागा भांडून मिळवावी लागत असेल तर ती राखीव राहिली कुठे?

दारातला घोळका हा आणखी एक रोजचा वैताग. मागचा निम्मा भाग मोकळा असतो आणि दारात आठ-दहा जण "पुढच्या स्टॉपला उतरायचंय" म्हणत ठाण मांडून उभे. त्यांचा पुढचा स्टॉप शेवटचा थांबा असतो. उतरणाऱ्यांना त्यांच्यातून अंग चोरून जावं लागतं, चढणारे खाली लोंबकळतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२३ नुसार पायरीवर उभं राहून प्रवास करायला मनाई आहेच, शिवाय असा प्रवास करू देणाऱ्या चालकावर आणि गाडीच्या जबाबदार माणसावरही ती बंधनकारक आहे. म्हणजे उद्या पायरीवरून कुणी पडलं तर चौकशी आपल्या कर्मचाऱ्यांची होणार. मग "मागे सरका" म्हणून कडक बोलण्याचा अधिकार त्यांना आपण उघडपणे का देत नाही? पाठीवरच्या सॅकबद्दलही एक ओळ लिहिते. बसलेल्या माणसाच्या तोंडाशी तिची चेन येते आणि सॅकवाला वळला की गालावर ओरखडा उठतो. सॅक पोटाशी घ्यायला काही खर्च येत नाही.

थुंकण्याबद्दल लिहितानाही किळस येते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुढच्या खिडकीतून पिचकारी जाते आणि वाऱ्यानं तिचे शिंतोडे मागच्या खिडकीतल्या माणसावर उडतात. माझ्या शेजारी बसलेल्या शाळकरी मुलीच्या पांढऱ्या बाहीवर ते उडाले होते. ती रडली नाही, फक्त बाही आत दुमडून घेतली. गाडीच्या बाहेरच्या पत्र्यावरचे लाल ओघळ तर आपण रोज डेपोत धुता. ते धुण्याचा खर्च शेवटी आमच्याच तिकिटातून जात असणार.

आता ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहायला बसले, तो सांगते.

गेल्या महिन्यात संध्याकाळची बस खच्चून भरली होती. माझ्यासमोर एक बाई तापानं फणफणलेलं बाळ मांडीवर घेऊन बसली होती, दवाखान्यातून परत निघाली होती. बाळ नुकतं झोपलं होतं. मागच्या बाकावर एक गृहस्थ मोबाईलवर एकामागून एक व्हिडिओ पाहत होते, आवाज पूर्ण मोठा. वाहक तिकिटं देत तिथपर्यंत आले आणि म्हणाले, "साहेब, आवाज कमी करा, नाहीतर हेडफोन लावा." गृहस्थांनी मान वर केली नाही. वाहक दुसऱ्यांदा म्हणाले, "बाकीच्यांना त्रास होतोय." तेव्हा उत्तर आलं, "तिकीट काढलंय, फुकट बसलो नाही." त्यावर वाहक एवढंच म्हणाले, "तिकीट सगळ्यांनीच काढलंय." त्यांचा आवाज चढला नव्हता, एक शब्द वावगा नव्हता. गृहस्थांनी तोपर्यंत मोबाईलचा कॅमेरा त्यांच्यावर धरला होता. शेवटचं वाक्य तेवढं त्यात आलं आणि "तुमची तक्रारच करतो" असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

काही दिवसांनी तेच वाहक पुन्हा भेटले. एक मुलगा मोठ्यानं गाणी लावून बसला होता आणि ते त्याच्या शेजारून काही न बोलता पुढे गेले. उतरताना मी विचारलं. ते म्हणाले, "ताई, मेमो आलाय. प्रवाशाशी उद्धट वर्तन. आता मी तिकीट देतो, बेल मारतो. बाकी काही बघत नाही."

महोदय, या एका कागदानं आपण काय केलंत ते कृपा करून समजून घ्या. ज्याच्या आवाजानं सगळी बस त्रासली होती, त्याला कुणी काही विचारलं नाही. ज्यानं आमची बाजू घेतली, त्याच्याकडून खुलासा मागितला. हे डेपोतल्या प्रत्येक वाहकाला दुसऱ्या दिवशी कळलं असणार. यापुढे आजींना उठवणाऱ्या मुलाला, राखीव बाकावरच्या पुरुषाला, पायरीवर लोंबकळणाऱ्याला कोण आणि कशासाठी बोलेल? पत्रात वर लिहिलेली एकेक गोष्ट थांबवायला गाडीत एकच माणूस असतो आणि त्याला आपण गप्प बसवलंत.

इतर ठिकाणी असं होत नाही. कर्नाटकच्या परिवहन महामंडळानं २०२१ मध्येच बसमध्ये मोबाईल मोठ्यानं वाजवायला बंदी केली आणि न ऐकणाऱ्याला खाली उतरवण्याची मुभा कर्मचाऱ्यांना दिली. रेल्वेनं जानेवारी २०२२ मध्ये मोठ्यानं गाणी लावणाऱ्या आणि फोनवर आरडाओरड करणाऱ्यांविरुद्ध सूचना काढल्या. मुंबईत बेस्टनं एप्रिल २०२३ मध्ये हेडफोनशिवाय ऑडिओ-व्हिडिओ लावायला आणि फोनवर मोठ्यानं बोलायला मनाई केली. तेवढ्यानं सगळे लगेच सुधारले असं मी म्हणत नाही. पण तिथला वाहक निदान "कंपनीचा नियम आहे" असं म्हणू शकतो. आपल्या वाहकाच्या हातात तेवढंही नाही, त्याला स्वतःच्या जबाबदारीवर भांडावं लागतं.

एक गोष्ट मात्र आपल्याच नियोजनाची आहे. बराच वेळ एकही बस येत नाही आणि मग एकाच मार्गाच्या दोन गाड्या पाठोपाठ येतात. पुढची उशिरा आली की थांब्यांवर गर्दी साठते, ती भरून घेताना प्रत्येक थांब्यावर आणखी वेळ जातो आणि मागची जवळपास रिकामी गाडी तिला येऊन मिळते. मागची बस दिसत असूनही लोक पहिलीतच घुसतात, कारण दुसरी थांबेल याचा कुणाला भरवसा नसतो. गर्दीत माणसाचा तोल जातो हे मला मान्य आहे. तरी रिकाम्या बसमध्येही मोबाईल मोठ्यानं वाजतो आणि खिडकीतून पिचकारी जाते, त्यामुळे सगळा दोष गर्दीवर टाकता येणार नाही. पण नियंत्रकांनी दोन गाड्यांमधलं अंतर राखलं, मागची बस मध्येच एखाद्या थांब्यावर दोन-चार मिनिटं रोखून सोडली, तर रेटारेटी निम्म्यानं कमी होईल असं मला वाटतं.

माझी पहिली मागणी त्या वाहकाला दिलेला मेमो मागे घेण्याची आहे, आणि तो मागे घेतल्याचं त्यांना लेखी कळवावं. त्यांचं नाव आणि बिल्ला क्रमांक मी मुद्दाम इथं लिहिलेला नाही, प्रत्यक्ष भेटीत सांगेन. त्यानंतर मोबाईलचा आवाज, राखीव जागा, जागा धरणं आणि पायरीवर उभं राहणं याबद्दलचे नियम आपल्या कंपनीच्या नावानं, आपल्या सहीनं प्रत्येक बसमध्ये वाहकाच्या जागेजवळ लावावेत. तपासनीस गाडीत चढतात तेव्हा फक्त तिकिटं न बघता राखीव बाकांकडेही बघावं. आणि प्रवाशानं वाहकाविरुद्ध व्हिडिओ पाठवला तर निर्णय घेण्याआधी त्या बसमधल्या इतरांचं म्हणणं ऐकण्याची काहीतरी सोय करावी. आज आम्हाला वाहकाविरुद्ध तक्रार करायला नंबर आहे, त्याच्या बाजूनं बोलायला नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वाहतूक ही सेवा धरलेली आहे आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. तिथं जायची वेळ येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण उद्याही मला आपल्याच बसनं जायचं आहे. पण महिनाभरात उत्तर आलं नाही तर मी तो मार्ग धरीन.

त्या संध्याकाळच्या बसमधल्या आणखी दोन पासधारक बायका लेखी जबाब द्यायला तयार आहेत. आम्हा तिघींनाही शनिवारी सुट्टी असते. सकाळी अकरानंतर कोणत्याही शनिवारी डेपोत बोलावलंत तर आम्ही येऊ. पासची छायांकित प्रत सोबत जोडली आहे.

आपली विश्वासू,
एक नियमित पासधारक प्रवासी